ग्रासकटर आयडलला ठीक, रेस दिली की दम तोडतो

खानापूरजवळच्या आमच्या काजूबागेतला टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारा) ग्रासकटर. सुरू व्हायचा, पण गवताला पातं लागलं की घुर्रर्र करून बंद. प्लग बदलला, फिल्टर धुतला, बेळगावात कार्बोरेटरही साफ करून आणला. ऐन पावसात पंधरा दिवस गेले, गवत कमरेला आलं.

शेवटी गावातल्या पंपवाल्या मिस्त्रीनं विचारलं, "तेल किती घालतंस गा?" मी लिटरभर पेट्रोलला ४० मिली घालायचो, जास्त बरं, असं मला वाटायचं. त्यानं सायलेन्सरकडे बोट दाखवलं: जादा तेलाची काजळी तिथं साचते.

इंजिन थंड झाल्यावर आधी प्लगची टोपी काढली. सायलेन्सर खोलला. आतली टिकलीएवढी जाळी डांबरासारखी बुजलेली. ती तारेच्या ब्रशनं घासली. मग दोरी हळू ओढून पिस्टननं एक्झॉस्टचं, म्हणजे सिलेंडरातला धूर बाहेर पडायचं, तोंड पूर्ण झाकलं (नाहीतर काजळी सिलेंडरात पडते) आणि लाकडी काडीनं तोंड खरवडलं. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टनला ओरखडे येतात. काजळी फुंकून काढली, गॅस्केट लावून बोल्ट आवळले. जुनं मिश्रण ओतून नवं केलं: १ लिटर पेट्रोलला २० मिली तेल, म्हणजे ५०:१. माझ्या मशीनच्या टाकीवर तेच छापलंय. तुमचं बघून घ्या.

पहिली पाच मिनिटं धूर आला, मग आवाज मोकळा झाला. सांजेपर्यंत अर्धी बाग झाली.