मोटरसायकलची पेट्रोल टाकी घरच्या घरी कशी उतरवावी

1994 साली आलेली स्प्लेंडर आणि आजची स्प्लेंडर शेजारीशेजारी उभ्या केल्या तर लांबून फारसा फरक कळत नाही. टाकी उतरवायला बसलात की मात्र त्या दोन वेगळ्याच गाड्या निघतात. जुन्या गाडीच्या टाकीखाली डाव्या बाजूला कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, असतो. तो बंद केला की पेट्रोल थांबतं, विषय संपला. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांमधून कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जाऊन इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा) आलं, पंप टाकीच्या पोटात गेला आणि कॉक गायब झाला. आता पेट्रोल नुसतं खाली वाहत नाही, पंप ते दाबाने ढकलतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी टाकीखाली वाकून बघा: कॉक आहे की नाही? सालावरून अंदाज बांधू नका, कारण बीएस-6 नंतरही एखाद-दुसऱ्या छोट्या गाडीला कार्ब्युरेटर राहिला होता.

बोल्ट कुणीही काढेल. या कामात सांभाळायचं असतं ते पेट्रोल.

आधी ठरवा, टाकी पूर्ण काढायचीच आहे का

इग्निशन कॉइल बदलायची, अ‍ॅक्सिलरेटरची केबल नवी टाकायची, फॉग लाइटची किंवा जादा हॉर्नची वायर फ्रेमच्या कडेने नीट न्यायची, उभ्या इंजिनाचं टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करायचं, टाकीतला गंज धुवायचा किंवा ती रंगवायला द्यायची, अशी कामं असतील तर टाकी उतरवावी लागते. पण यातल्या निम्म्या कामांना टाकी मागून चार-सहा इंच उचलून खाली लाकडाचा ठोकळा सरकवला तरी पुरतं. पेट्रोलचा पाइप तेवढा लांब असेल तर तो सोडावाही लागत नाही. इंजेक्शनच्या गाडीत तर मी हाच मार्ग आधी बघायला सांगेन. नुसती एक वायर ओढण्यासाठी दाबाखालची लाइन उघडण्यात शहाणपण नाही.

स्पार्क प्लग बदलण्यासाठी स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या गाडीची टाकी कुणी काढायला सांगत असेल, तर त्याने ती गाडी कधी उघडलेली नाही असं समजा.

जागा

पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही तयार होते. आपल्याकडच्या दुपारी ती किती होत असेल याचा अंदाज करा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि तळघरात साचते. सोसायटीचं पार्किंग सोयीचं वाटतं, पण तिथेच मीटरचे बॉक्स असतात आणि पाण्याची मोटर आपोआप चालू-बंद होत असते. त्या ठिणगीला तुमचं काम चाललंय हे माहीत नसतं. बंद खोली, जिन्याखालची जागा, गॅस गीझरच्या जवळची गॅलरी हेही नको. मोकळं अंगण, सावली आणि थोडा वारा असला की झालं. सिगारेट आणि उदबत्ती दोन्ही लांब. जवळ वाळूची बादली किंवा पावडरचा अग्निशामक ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग विझत नाही, पाण्याबरोबर पसरते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. टाकीखालून सांडलेले दोन थेंब सरळ सिलिंडरवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडतात.

पेट्रोल कमी करा

दहा लिटर पेट्रोलचं वजन साधारण साडेसात किलो होतं, पत्र्याचं वेगळं. भरलेली टाकी उचलताना आतलं पेट्रोल हिंदकळतं, तोल एका बाजूला जातो आणि हँडलवर चरा पडतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे काम काढायच्या आधीचे दोन-तीन दिवस गाडी चालवून टाकी रिझर्व्हच्या जवळ आणणं.

तरीही काढावं लागलं तर कॉकच्या गाडीत काम सोपं आहे. कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडा, त्याच्या जागी लांब पाइप लावून त्याचं टोक कॅनमध्ये सोडा आणि कॉक रिझर्व्हवर करा. चालूवर ठेवलात तर वरच्या नळीपर्यंतचंच पेट्रोल येईल, तळातलं राहील. टाकीचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आत हवा न शिरल्यामुळे धार बारीक होत जाते. (गाडी चालता चालता बंद पडते आणि झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ होऊन परत चालू होते, तिचं दुखणंही हेच. झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असतं.) इंजेक्शनच्या गाडीत वरून हातपंपाने काढा. तोंडाने पाइप ओढायची आपल्याकडची जुनी सवय सोडा. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. कॅन पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा हवा. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. ती कुणीतरी पाणी समजून उचलतं.

सीट आणि साइड पॅनल

गाडी डबल स्टँडवर घ्या. साइड पॅनल बहुतेक रबराच्या बुशात खुपसलेले असतात. किल्लीचं लॉक किंवा स्क्रू काढल्यावर ते सरळ बाहेर ओढायचे. वाकडे ओढले की मागचा प्लॅस्टिकचा खुंटा तुटतो आणि पुढे आयुष्यभर ते पॅनल खडखडत राहतं. मग सीटचे बोल्ट. गाडीगणिक त्यांना दहा, बारा किंवा चौदा नंबरचा पाना लागतो. सीट मागून उचलून मागे ओढली की पुढची जीभ सुटते.

सीट निघाली की बॅटरीची ऋण बाजू आधी सोडा आणि तिला चिंधी गुंडाळून बाजूला करा. इंजेक्शनच्या गाडीत इथे थोडं थांबा, बॅटरी नंतर सोडायची आहे. कारण खाली येतंच आहे.

काढलेला प्रत्येक बोल्ट, त्याचा वायसर आणि बुश एकत्र ठेवा. टाकीच्या मागच्या बोल्टमध्ये रबर आणि लोखंडी बुश असतो, तो जमिनीवर घरंगळत जाऊन हरवायला फार आवडतो. मोबाइलवर दर टप्प्याला फोटो काढून ठेवा. केबल कोणत्या बाजूने गेली होती हे दोन तासांनी आठवत नाही.

कॉकची गाडी

कॉक बंद करा. पाइपची क्लिप पकडीने दाबून खाली सरकवा. पाइप सरळ ओढू नका. आधी जागच्या जागी पिळून सैल करा, मग काढा. जुना पाइप कडक होऊन नळीला चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर कार्ब्युरेटरची पितळी नळी वाकते. निघतच नसेल तर पाइप उभा कापा आणि नवा घाला. पाइप स्वस्त असतो, कार्ब्युरेटर नाही. थोडं पेट्रोल गळेलच, खाली चिंधी धरा.

मग पेट्रोलच्या काट्याची, म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची, वायर बघा. टाकीखालून येणारा छोटा कनेक्टर असतो. त्याचा खटका दाबून कनेक्टरला धरून ओढा, वायरीला धरून नाही. काही टाक्यांना झाकणाभोवतीचं पावसाचं पाणी खाली सोडणारी एक बारीक नळी असते, तीही सोडा. जुन्या काही टाक्यांचे दोन्ही पाखे खालून एका पाइपने जोडलेले असतात. तो सोडल्यावर दोन्हीकडून धार लागते, त्यामुळे अशी टाकी आधी पूर्ण रिकामीच करायची.

इंजेक्शनची गाडी

पाइपमधला दाब साधारण 3 बार असतो, म्हणजे 43 पीएसआयच्या आसपास. मोटरसायकलच्या टायरमध्येही आपण एवढी हवा भरत नाही. या दाबाखालचा जोड सरळ सोडला तर पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर येतो. म्हणून आधी दाब उतरवायचा.

किल्ली बंद असताना पंपाचा कनेक्टर सोडा. तो टाकीखाली असतो, कधी कधी टाकीचा मागचा बोल्ट काढून ती थोडी उचलल्यावरच हात पोचतो. आता किल्ली चालू करून गाडी स्टार्ट करा. पाइपमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती काही क्षण चालेल आणि बंद पडेल. बटण आणखी दोन-तीन सेकंद दाबा. मग किल्ली बंद, आणि आता बॅटरीची ऋण बाजू सोडा. बॅटरी आधीच सोडली असती तर हे जमलं नसतं.

एवढं करूनही थोडा दाब उरतोच. जोडाभोवती चिंधी गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा. जोडाला दोन्ही बाजूंनी दाबायचे कान किंवा बाजूला सरकणारी रंगीत कडी असते. आधी जोड किंचित आत ढकला, मग कान दाबून ओढा. उलट क्रमाने ओढत बसलात की प्लॅस्टिकचा कान तुटतो, आणि अख्खा पाइप मागवावा लागतो. त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा पारदर्शक पाइप आणि क्लिप लावायचा विचारही नको, तो एवढ्या दाबाचा नसतो. जोडाची रचना डोळ्यांना नीट कळत नसेल, तर एवढ्या एका पायरीसाठी फिटरला बोलावणं लाजिरवाणं नाही.

उचलणं

मागचा बोल्ट काढला की टाकी पुढच्या दोन रबरांवर उरते. हँडलखाली, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना ही गोल रबरं असतात आणि टाकीची खाच त्यांच्यावर सरकून बसलेली असते. काही गाड्यांत पुढेही बोल्ट असतात, ओढण्याआधी वाकून खात्री करा. टाकी मागून थोडी उचला आणि खाली बघा: एखादी वायर, एखादी नळी अजून लागून आहे का? असणार. ती सोडा. मग टाकी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवत मागे ओढा. रबर सुकून चिकटलं असेल तर साबणाचं पाणी सोडा, झटका देऊ नका. दुसरा माणूस असेल तर त्याने फक्त हँडल सरळ धरून ठेवायचं.

काढलेली टाकी कॉकवर किंवा पंपाच्या तोंडावर टेकवू नका. जुनी गोधडी किंवा टायर घ्या आणि त्यावर कुशीवर ठेवा. उघड्या नळीत बोळा घाला, झाकण लावा, सावलीत ठेवा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की मिश्रण पेटतं. भरलेल्या टाकीत वाफ याहून दाट असते, पेट्रोल काढून रिकाम्या केलेल्या टाकीत ती पातळ होऊन नेमकी एवढी उरू शकते. भोक पडलेली टाकी ‘रिकामीच आहे’ म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. हे काम टाक्याच दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

निघालीच आहे तर

झाकणातून टॉर्च मारून आत बघा (टॉर्च बॅटरीचा, काडी नव्हे). पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण आता 20 टक्क्यांपर्यंत आलं आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर अर्धी टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी शेवटी तळाशी वेगळं होऊन बसतं आणि तिथला पत्रा खातं. हलका तांबूस थर असेल तर कॉक किंवा पंप आणि फ्लोट काढून, तोंडं बंद करून पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने खळबळा, लगेच वाळवा आणि शेवटी थोडं पेट्रोल फिरवा. वाळवण्यात वेळ गेला तर तासाभरात नवा गंज दिसू लागतो. पापुद्रे निघत असतील तर या उपायाने भागत नाही.

कॉकच्या वरची जाळी ब्रशने साफ करा, त्याचा वायसर नवा घाला. कॉइलच्या जोडांवरची हिरवी बुरशी, फ्रेमला घासून सोललेली वायर, उंदराने कुरतडलेली टेप हे सगळं आत्ताच दिसतं.

परत बसवताना

पुढच्या रबरांना साबणाचं पाणी लावा, टाकी पुढे ढकलून बसवा आणि मागचा बोल्ट लावण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. केबल टाकीखाली दाबली गेली असेल तर अ‍ॅक्सिलरेटर जड होतो किंवा वळवताना आपोआप ओढला जातो. गाडी सुरू केल्यावरही हीच परीक्षा पुन्हा घ्या. हँडल वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर टाकी परत काढा, रस्त्यावर नेऊ नका.

बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवा, मग पाना. आतल्या रबराने धक्का झेलायचा असतो, त्यामुळे तो चिरडेपर्यंत आवळायचा नाही. पाइप लावा, क्लिप जागेवर आणा. इंजेक्शनच्या जोडाचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे, आणि मग तो ओढून बघायचा. काट्याचा आणि पंपाचा कनेक्टर, बारीक नळी, शेवटी बॅटरी.

लगेच स्टार्ट करू नका. आधी लिटरभर पेट्रोल घाला. कॉकची गाडी असेल तर कॉक चालू करून पाच मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडं बोट फिरवा. इंजेक्शनची असेल तर किल्ली चालू करा, पंपाचा दोन सेकंदांचा ‘घुंऽऽ’ आवाज ऐका, बंद करा, असं दोनदा करून मग जोड तपासा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला तर आधी पंपाचा कनेक्टर पूर्ण बसला आहे का ते बघा. सगळं कोरडं असेल तरच सीट चढवा. पेट्रोलने भिजलेल्या चिंध्या घडी घालून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, आधी उघड्यावर पसरून वाळू द्या.