यीस्टचं कलिकायन पाहायचंय? फेसाला भुलू नका

साखरपाण्यात यीस्ट टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, इतकी ही कृती सोपी वाटते. प्रत्यक्षात फेस उदंड येतो, कळ्या (पेशीच्या अंगावर फुगवट्यासारख्या उगवणाऱ्या नव्या पेशी; हेच कलिकायन) मात्र मोजक्याच सापडतात. साखरेतून पेशीला ऊर्जा मिळते. नवी पेशी घडवायला लागणारं नत्र आणि क्षार साखरेत नसतात. ते बटाट्यातून मिळतात.

सोलून चिरलेला १०० ग्रॅम बटाटा २५० मिली पाण्यात १५ मिनिटं उकळा, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. तासाभरात स्टार्च तळाशी बसेल. वरचं १०० मिली निवळ पाणी अलगद ओतून घ्या, चहाचा चमचाभर साखर विरघळवा आणि कोमट असतानाच पाव चमचा कोरडं यीस्ट घाला (बेकिंग पावडर नव्हे!). कढत पाण्यात ते मरतं. झाकण सैल ठेवा, वायू साठून बाटली फुटू शकते.

तापमान ३० अंशांच्या आसपास हवं. इंदूरच्या मे महिन्यात ओटाच चाळिशीला टेकतो, तेव्हा भांडं माठाशेजारी ठेवा. जानेवारीत कोमट पाण्याच्या पातेल्यात. पोह्यांसोबतच्या जिलेबीचं आंबवण वापरायचा मोह होईल, पण त्यात जिवाणू आणि मैद्याचे कण इतके असतात की पेशी ओळखणं कठीण.

कोरड्या पेशींना जागं व्हायलाच वेळ लागतो, म्हणून पहिला नमुना दोन तासांनी घ्या. मिश्रण ढवळा, एका थेंबात दहा थेंब पाणी मिसळा. नाहीतर नुसती गर्दी दिसते. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन फिकट मिथिलीन ब्लूचा (निळ्या रंगद्रव्याचा) थेंब घाला आणि कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) तिरकी टेकवून हळूच सोडा. जाड काळ्या कडेचे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे. आधी १० पटीच्या, मग ४० पटीच्या भिंगाने पाहा. प्रकाश कमी करा: पेशी पारदर्शक असतात, लख्ख उजेडात हरवतात.

पेशी अंडाकार, ५ ते १० मायक्रोमीटरच्या. दहा मिनिटांच्या आतच पाहा. निळ्या झालेल्या मेलेल्या, रंगहीन त्या जिवंत. उशीर केला तर जिवंतही निळ्या पडू लागतात.

खरी गफलत इथे होते: शेजारी चिकटलेल्या दोन पेशींना कळी समजलं जातं. कळी मातृपेशीपेक्षा लहान असते आणि मध्ये बारीक मान असते. कव्हरस्लिपला सुईने हलकेच टिचकी मारा. नुसत्या शेजारणी बहुधा पांगतात, कळी आईबरोबरच हलते. वाढताना केंद्रक त्या मानेशीच विभागतं आणि एक वाटा कळीत जातो, पण तो या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल अशी अपेक्षा नको.

एकाच कळीची वाढ पाहायची तर रंग न घातलेला थेंब घ्या, पाण्याऐवजी बटाट्याच्याच पाण्याने पातळ केलेला. कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद करा आणि दर १५ मिनिटांनी चित्र काढा. दीड-दोन तास लागतील. मध्ये काचपट्टी हलवू नका, तीच पेशी पुन्हा सापडत नाही.