माल निघण्याआधी: बूटलोडरमधल्या फ्लॅशच्या झिजेची तयारी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये पंपाच्या पॅनेलवर बसणारा कंट्रोलर डोळ्यांपुढे ठेवा. चिप एसटीएम३२एफ१०३सी८: ६४ केबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), १ केबीचं पेज (एका वेळी पुसला जाणारा तुकडा), दर पेजला १०,००० इरेजची, म्हणजे पुसण्यांची, हमी. चिप वेगळी असेल तर पुढचे सगळे हिशेब तिच्या डेटाशीटवरून नव्याने करा.

कोड उघडण्याआधी कागद घ्या. फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट वर्षाकाठी दोन-चारदा होतं, त्याने काही झिजत नाही. झिजवतात त्या बारीक नोंदी. पंपाचे चाललेले तास दर १५ मिनिटांनी लिहिले तर दिवसाला ९६ नोंदी होतात, आणि प्रत्येक नोंदीला तेच पेज इरेज केलं तर १०४ दिवसांत हमी संपते. म्हणून नोंदी एकाखाली एक लिहीत जायच्या, पेज भरलं की मगच इरेज. १६ बाइटची नोंद धरा: क्रमांक, मिनिटं, फ्लॅग आणि सीआरसी (नोंद धड आहे का ते पडताळणारा आकडा), प्रत्येकी ४ बाइट. पेजचे पहिले १६ बाइट हेडरला (पेजच्या ओळखीच्या खुणेला) गेले की ६३ नोंदी मावतात.

पेजेस किती? दोन पुरतील असं वाटतं, पण तापमान बघा. १०,००० इरेजनंतर २० वर्षं डेटा टिकण्याची हमी ५५ अंशांवर आहे. ८५ अंशांची हमी १,००० इरेजपुरतीच. मे महिन्यातलं बंद पॅनेल ५५ च्या भरवशावर सोडण्यासारखं नाही, तेव्हा १,००० चाच आकडा धरावा. त्या हिशेबाने आळीपाळीने वापरलेली दोन पेजेस साडेतीन वर्षं पुरतात आणि आठ पेजेस जवळपास १४ वर्षं. आठ ठेवा. बूटलोडरला (चिप चालू होताच आधी चालणारा, ॲप सुरू आणि अपडेट करणारा छोटा प्रोग्रॅम) १२ केबी, नोंदींना ८, ॲपला (मुख्य प्रोग्रॅमला) ४४. बूटलोडरच्या पेजेसना ऑप्शन बाइटमधून (चिपच्या सेटिंगसाठी राखीव बाइट) राइट प्रोटेक्शन लावा.

आता खरी गोम. बूट होताच ‘इतक्यांदा चालू झालो’ असं फ्लॅशमध्ये लिहिणारा बूटलोडर दिसायला निरुपद्रवी असतो. पण ॲप बिघडलं आणि वॉचडॉग (ॲप अडकलं की चिप रिसेट करणारा टायमर) दर सेकंदाला रिसेट मारू लागला, की तासाला ३,६०० नोंदी पडतात. प्रत्येक वेळी इरेज होत असेल तर १०,००० चा कोटा पावणेतीन तासांत खलास. रिसेटचा आकडा बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवा. या चिपमध्ये १६ बिटांची दहा आहेत आणि ती रिसेटने पुसली जात नाहीत. ॲप सलग पाच मिनिटं नीट चाललं तरच फ्लॅशला हात लावा. एकेक बिट शून्य करत मोजण्याची युक्ती इथे चालत नाही: हाफ-वर्ड (१६ बिटांचा गट) कोरा नसेल तर त्यात फक्त शून्य लिहिता येतं, दुसरं काही लिहिलंत की प्रोग्रॅमिंग एरर.

लाइट इरेजच्या मध्यातच जाणार, हे गृहीत धरा. अर्धवट इरेज झालेलं पेज वाचताना कोरं दिसतं, पण त्यातले बिट कच्चे असतात आणि गरम झाल्यावर पलटू शकतात. म्हणून पेज कोरं दिसतंय यावर विसंबू नका. हेडर इरेज पूर्ण झाल्यावरच लिहा, आणि हेडर नसलेलं पेज वापरण्याआधी पुन्हा इरेज करा. नोंदीत सीआरसी सगळ्यात शेवटी.

लाइट गेली तरी इरेज पुरं होईपर्यंत बोर्ड चालू ठेवणाऱ्या कपॅसिटरचा हिशेबही आत्ताच. इरेजला जास्तीत जास्त ४० मिलिसेकंद लागतात. बोर्ड ५० मिलिॲम्पियर ओढत असेल आणि ५ व्होल्टची लाइन ४ पर्यंत उतरू द्यायची असेल, तर २,००० मायक्रोफॅरड लागतात. २,२०० चा बसवला आणि तो २० टक्के कमी निघाला तर १,७६० च उरतात. ३,३०० चा बसवा. इरेजआधी दोन रेझिस्टरांमधून एडीसीवर (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) ५ व्होल्टची लाइन तपासा. पीव्हीडी (सप्लाय उतरल्याचं सांगणारा चिपमधला भाग) चिपच्या ३.३ व्होल्टकडे बघतो, त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

अपडेटच्या वेळी प्रत्येक पेजनंतर वॉचडॉगला खुराक द्या, म्हणजे त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. इरेज चालू असताना फ्लॅशमधला कोड थांबतो, तेव्हा एसीके (‘पोचलं’ असा निरोप) मिळाल्याशिवाय अपडेट पाठवणाऱ्याने पुढचं पॅकेट पाठवू नये.

शेवटी रिले लावून तीन बोर्डांवर चाचणी: इरेज सुरू होताच एक पिन वर करा, तिथून ० ते ८० मिलिसेकंदांत कधीही सप्लाय तोडा, असं २,००० वेळा. मोठा कपॅसिटर काढून केलीत तरच ही चाचणी खरी. दर वेळी शेवटची पूर्ण नोंद सापडलीच पाहिजे. झाल्यावर तिन्ही बोर्डांवर लाल मार्करने खूण करून ते वेगळ्या डब्यात टाका, पॅकिंगच्या ट्रेमध्ये नको.