अंगणात ठेवायला सागवानी बाक घरीच कसा करायचा

नवीन लाकडाच्या मागे लागू नका, जुनी घरं पाडतात त्यातलं सागवान वखारीत मिळतं ते बघा, पन्नास-साठ वर्षं सुकलेलं असतं त्यामुळे नंतर वाकत नाही. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा नाहीतर पात्याची वाट लागते.

माप सोपं आहे. लांबी 4 फूट, उंची 17-18 इंच, बसायची रुंदी साधारण 15 इंच. पाय अडीच इंच चौरस, पायांना जोडणारे आडवे 3 इंच रुंद दीड इंच जाड, वर 5 इंची तीन फळ्या एक इंच जाडीच्या.

खरा जीव सांध्यात असतो, इथे घाई नको. नुसते स्क्रू मारलेला बाक दोन पावसाळ्यांत डुगडुगायला लागतो कारण माणूस बसतो-उठतो तेव्हा सगळा ताण पाय आणि आडव्याच्या जोडावर येतो. म्हणून आडव्याच्या टोकाला कूस, म्हणजे पायातल्या भोकात बसणारी जीभ, काढायची, जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे दीड इंचाला अर्धा इंच, आणि पायात तेवढंच भोक. भोक आधी पाडा, आतलं लाकूड ड्रिलने काढून कडा पटाशीने सरळ करा आणि मग कूस त्या मापाने तासा, कारण कूस कमी करता येते, भोक लहान करता येत नाही. हाताने दाबून शेवटचं थोडं मोगरीने (लाकडी हातोडीने) गेलं पाहिजे. पायात दोन बाजूंनी कुसा येतात त्या आत एकमेकींना अडतात, त्यांची टोकं 45 अंशात कापा. फेविकॉल मरीन (पाण्यात टिकणारा गोंद) लावून क्लॅम्प आवळले की लगेच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे भरले तर काटकोन बरोबर.

फळ्यांमध्ये 8 मिमी फट ठेवा, पाणी निथळतं. पावसात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही, म्हणून आडव्यांना आतून पट्टी मारून फळ्या खालून स्क्रूने बसवा आणि प्रत्येक फळीसाठी पट्टीतलं एक भोक गोल, दुसरं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. हे केलं नाही तर फळी तडकते, कितीही भारी सागवान असू दे!

शेवटी बॉइल्ड लिनसीड ऑइलचे (जवसाच्या तेलाचे) दोन-तीन पातळ हात, पायांच्या तळाला जास्त कारण पाणी तिथूनच चढतं, आणि पायांखाली शहाबादीचे तुकडे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा.