ऑटोक्रॉससाठी ट्रिम बदलताना

ऑटोक्रॉस म्हणजे शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची घड्याळाविरुद्धची शर्यत. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसच्या, नियमांत स्ट्रीट गटातली (जवळजवळ कारखान्यातून आली तशी असलेली) गाडी एका ऑप्शन पॅकेजमधून, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या पार्टच्या संचातून किंवा ट्रिममधून, दुसऱ्यात नेता येते. अटी दोन: मेक, मॉडेल आणि मॉडेल-वर्ष एकच हवं, आणि बदल पूर्ण हवा. १९९५ च्या गाडीवर १९९४ चं पॅकेज चालत नाही, पार्ट हुबेहूब जुळले तरी.

‘पूर्ण’ या शब्दावरच बहुतेक जण अडकतात. १९९४ ची साधी माझदा मियाता आर पॅकेजमध्ये आणायची, तर बिल्स्टीन शॉक आणि कडक स्प्रिंग बसवून भागत नाही. अँटी-रोल बार, टॉर्सन डिफरन्शियल, पुढचे-मागचे स्पॉयलर हेही लागतात. शिवाय आरला पॉवर स्टीअरिंग नव्हतं. पंपाचा बेल्ट काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मॅन्युअल रॅक (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग) वेगळा असतो, त्याचं गुणोत्तरही संथ, म्हणजे तेवढंच वळायला स्टीअरिंग जास्त फिरवावं लागतं. तोच बसवावा लागतो. फायद्याचे पार्ट घ्यायचे आणि वजन वाढवणारे सोडायचे, हे इथे खपत नाही.

म्हणून आधी त्या वर्षाचं पार्ट कॅटलॉग आणि शॉप मॅन्युअल मिळवा. दोन्ही ट्रिमचे पार्ट नंबर समोरासमोर लिहा; जिथे फरक दिसेल तो प्रत्येक पार्ट बदलायचा, मग तो कितीही फुटकळ असो. कागद गाडीतच ठेवा, प्रोटेस्ट (गाडी नियमात बसत नाही अशी दुसऱ्या स्पर्धकाची तक्रार) आला तर तेच दाखवावे लागतात.

खर्चाआधी चालू वर्षाच्या नियमपुस्तकात दोन्ही ट्रिमचा क्लास (गाडी ज्या स्पर्धावर्गात धरली जाते तो) पाहा. पुष्कळदा मूळ पॅकेजची गाडीच विकत घेणं स्वस्त पडतं.