फणसाडच्या रानात ऋतू आणि वारा पाहून वन्यजीव कसे शोधावेत

रायगड जिल्ह्यातील फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते आणि १९८६ साली ते अभयारण्य झाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने येथे महिना कोणता यापेक्षा रानात पाणी कोठे उरले आहे आणि वारा कोणीकडून येतो आहे, हे आधी पाहावे.

प्राणी पाहण्यास उन्हाळा सर्वांत सोयीचा. ओढे आटले की सांबर, भेकर, रानडुक्कर आणि त्यांच्यामागे बिबट्या अशा सर्वांनाच चिखलगाण, फणसाडगाण यांसारख्या मोजक्या पाणवठ्यांवर यावे लागते. हिवाळ्यापासून मार्चपर्यंत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणून पहाटे पाणवठ्याच्या पश्चिमेला बसावे. दुपारी खारा वारा सुरू झाला की पूर्वेची बाजू धरावी, म्हणजे माणसाचा वास पाण्याकडे जाणार नाही. दरीत वारा वळतो, त्यामुळे बसण्यापूर्वी चिमूटभर कोरडी माती सोडून दिशा तपासणे उत्तम. पानगळीच्या रानात पाचोळा फार वाजतो. तेथे चालत शोध घेण्यापेक्षा एका जागी बसून राहणेच शहाणपणाचे. शेकरूसाठी मात्र पाणवठा सोडून सदाहरित पट्ट्यातील उंच झाडांचे शेंडे न्याहाळावेत, कारण ते जमिनीवर क्वचितच उतरते.

मेअखेरीस ढग दाटू लागले की पक्ष्यांकडे लक्ष द्यावे. चातक आणि नवरंग यांचे आवाज साधारण याच सुमारास ऐकू येऊ लागतात, तर तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर येऊन ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून वीण करतो. त्या बिळासमोर छायाचित्रासाठी ठाण मांडणे हा निव्वळ उपद्रव आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की बेडूक आणि खेकडे बाहेर पडतात आणि शेतांच्या बांधांवरून वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे चढू लागतात. त्यानंतर पाणी सर्वत्र उपलब्ध होते, प्राणी पांगतात आणि पाणवठ्यावर बसणे व्यर्थ ठरते. पाऊस उघडल्यावर ओल्या वाटेवरचे ताजे ठसे वाचणे हाच तेव्हाचा खरा अभ्यास.

ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी फिरला की फुलपाखरांचा हंगाम असतो. हिवाळ्यात काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर स्थलांतरित कुरव पक्षी दिसतात. आत रानात गिधाडांच्या विणीचाही हाच काळ असल्याने घरटे आढळल्यास दुरूनच दुर्बिणीने पाहावे.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतरचे काही आठवडे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले होते. म्हणून वनखात्याच्या परवानगीबरोबरच हवामान खात्याचा इशारा पाहूनच निघावे आणि वाऱ्याचा जोर वाढू लागल्यास झाडीत न थांबता अभयारण्यालगतच्या सुपेगावकडे उतरावे.