वाइनला व्हॅक्यूम लावताना या चुका टाळा

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाचा हंगाम सरत आला की थॉम्सन किंवा सोनाका जातीच्या द्राक्षांची वाइन कॅनमध्ये निवळत असते आणि फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडून भांड्यातली हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप मागून आणला जातो. व्हॅक्यूमचा फायदा खरा आहे. वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत निघतो, आणि जड कॅन न उचलता वाइन गाळावरून दुसऱ्या भांड्यात ओढून घेता येते. मात्र आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. म्हणून पुढचं सगळं परवाना हातात असलेल्यांसाठी.

सर्वांत धोक्याची चूक भांड्याची. पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा प्लास्टिक जार व्हॅक्यूममध्ये चेपतो. काचेचा कॅन चेपत नाही, एकदम आत फुटतो. व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात; 20 इंच व्हॅक्यूमला दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 0.69 किलो भार येतो. 28 सेंटीमीटर व्यासाच्या नुसत्या तळावरच हा भार चारशे किलोच्या पुढे जातो. काचेवरचा साधा ओरखडाही अशा वेळी पुरेसा ठरतो. व्हॅक्यूमसाठी बनवलेलंच भांडं घ्या. आपल्या भागात ते शोधायला लांब जावं लागत नाही, कारण दूध काढायच्या मशीनची स्टीलची बादली त्याच कामासाठी बनलेली असते. मशीन साधारण 13 ते 15 इंचांवर चालतं आणि त्याला व्हॅक्यूम मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर व तो काट्याने दाखवणारं गेज असतं. गॅस थोडा सावकाश निघेल, पण हातपाय शाबूत राहतील. बादली ॲल्युमिनियमची नको आणि दुधाच्या रबरी नळ्या वापरू नका. त्यांतला स्निग्धांश आणि वास वाइनला लागतो. खाद्यपदार्थांसाठीची जाड, जाळी घातलेली नळी घ्या. पातळ सिलिकॉनची नळी आतून चिकटते आणि पंप बिघडल्यासारखं वाटतं.

माझ्या मते यापेक्षाही जास्त वाइन गळतीमुळे बिघडते. पाण्याच्या पाइपला गळती लागली की थेंब दिसतो. इथे गळती उलटी, आतल्या दिशेने. बाहेर काहीच दिसत नाही. बुचाच्या कडेने हवा शिरते आणि वाइन ओढत असताना बुडबुड्यांच्या रूपाने तिच्यात मिसळत राहते. पांढरी वाइन आधीच नाजूक. सोनेरी रंग तपकिरीकडे झुकला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, की हवा लागली असं समजा. गेलेला ताजेपणा परत येत नाही.

अशी गळती साबणाच्या पाण्याने शोधू नका. फेस बाहेर येण्याऐवजी साबणच आत ओढला जातो. रिकामं भांडं जोडा, 15 इंचांपर्यंत ओढा, पंपाकडचा कॉक बंद करा आणि दहा मिनिटं गेजवर लक्ष ठेवा. काटा पडत असेल तर गेजला लागूनच नळी चिमट्याने दाबा. काटा थांबला, तर गळती चिमट्याच्या पलीकडे आहे. पुन्हा ओढून घ्या, चिमटा पुढच्या जोडावर न्या, आणि असंच पुढे जात राहा. ज्या टप्प्यावर काटा पुन्हा पडू लागेल, त्याच तुकड्यात दोष. बहुतेक वेळा तो बुचात किंवा सैल क्लिपमध्ये सापडतो.

काटा 29 वर जात नाही म्हणून मात्र जोड उकलत बसू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही गेज 28 इंचांच्या आसपासच थांबतं. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची वाइन करणाऱ्याला तर साडेपंचवीसच्या आसपासच समाधान मानावं लागेल. तिथे हवेचाच दाब कमी.

तसाही काटा इतका वर नेण्याची गरज नाही, 18 ते 20 पुरे; दुधाच्या बादलीला तर तिचे 13 ते 15च. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली 38 अंशांपर्यंत तापलेली वाइन सांगलीत 25 इंचांच्या थोडं पुढे उकळू लागते. मग बुडबुडे थांबतच नाहीत, आणि लोकांना वाटतं अजून गॅस निघतोय. निघत असतो तो सुगंध आणि अल्कोहोल. पहाटेच्या गारव्यात काम करा. बुडबुडे बारीक आणि विरळ झाले की थांबा.

पंपात फेस गेला की तेलाचा पंप मेलाच म्हणा, तेल दुधासारखं पांढरं होतं. पंप आणि भांडं यांच्यामध्ये एक रिकामी जाड बाटली अडथळा म्हणून हवीच. भांडं पाऊणच भरा. आंबणं संपलंय याची खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे वाइनची घनता मोजणाऱ्या नळीने, करा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा सारखाच यायला हवा. चालू आंबवणीला व्हॅक्यूम लावला तर फेस आवरत नाही.

आता शेवटचा टप्पा, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होतं. कॉक झटकन उघडू नका. हवा जोरात आत घुसते, आणि वाइनचं रक्षण करणारा कार्बन डायऑक्साइड तुम्ही नुकताच काढून टाकलेला असतो. हळूहळू उघडा, लगेच भांडं गळ्यापर्यंत भरून बंद करा. व्हॅक्यूमबरोबर वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा काही अंशही उडतो, म्हणून तो पुरवणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालायचं ते वाइनमध्ये उरलेला मोकळा सल्फर डायऑक्साइड मोजून, व्हॅक्यूमनंतर. आधी घातलेल्याचा हिशेब धरू नका.